हात खाली

फोन वाजला तेव्हा मी दुपारच्या झोपेत होते आणि स्वप्नात पाण्यामागं उभी होते. नळदुर्गात जन्म काढलेल्या माणसाला हे स्वप्न अधूनमधून पडतंच. बोरी नदीला पाणी आलं की किल्ल्यातल्या पाणीमहालावरून ते खाली कोसळतं. आतल्या दगडी खोलीतून बघितलं तर पाण्यापलीकडं माणसं दिसतात, त्यांचे ओठ हलताना दिसतात, ऐकू मात्र काही येत नाही. स्वप्नात पलीकडं शैलजाबाई होत्या. त्या काहीतरी सांगत होत्या आणि मी समजल्यासारखी मान हलवत होते. फोन उचलला तर तुळजापुराहून त्यांची मुलगी मेघना. "उमामावशी, आई गेली," ती म्हणाली. मी विचारलं, "जेवल्या होत्या का गं?" मेलेल्या माणसाबद्दल हे काय विचारणं झालं! पण तोंडून तेच आलं. "हो, दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. मग म्हणाली, जरा पडते..." मेघना म्हणाली. पडल्या त्या उठल्याच नाहीत.

त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. बाईंवर कुणीतरी लिहायला हवं आणि ते मीच लिहायला हवं, असं मेघनाचं म्हणणं. मी तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा त्या कागदावर एक थोर समाजसेविका उभी राहिली, जिला मी ओळखत नव्हते. मी ओळखत होते त्या बाई कडक खळ घातलेल्या साड्या नेसायच्या, चहात साखर कमी पडली तर बोलून दाखवायच्या आणि स्वतःचं चुकलं हे कबूल करायला त्यांना साठ वर्षं लागली. पण एकदा कबूल केल्यावर त्या थांबल्या नाहीत. माझं तसं झालं नाही. म्हणून हा लेख थोडा त्यांच्याबद्दल आहे आणि थोडा माझ्याबद्दल, वाचणाऱ्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

आमची शाळा कर्णबधिर मुलांची, निवासी. तिचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. कारण तेव्हा जे आमच्याकडं चालायचं ते बहुतेक ठिकाणी चालायचं आणि ते चांगलंच आहे असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं असायचं. शैलजाबाई मुख्याध्यापिका. तुळजापूरच्या, वडील शिक्षक, काका कचेरीत कारकून, घरात पुस्तकं आणि वळणदार अक्षर. मी नळदुर्गच्या कापडदुकानदाराची मुलगी, घरी कानडी, दारी मराठी. तेविसाव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कागदाची एक बारीक पट्टी दिली. मुलाच्या ओठांसमोर ती धरायची आणि 'प' म्हणायला लावायचं. पट्टी हलली पाहिजे. हलली की पुढचं अक्षर. एकेका अक्षराला महिने जायचे. आणि मुलं काय करायची? आमची पाठ फिरली रे फिरली की हातांनी बोलायची. काय काय बोलायची! भांडायची, नकला करायची, गावाकडच्या म्हशीची गोष्ट सांगायची. बाईंच्या दृष्टीनं ती हातांची भाषा म्हणजे आळस. हातानं भागतंय म्हटल्यावर तोंड कशाला उघडतील? म्हणून वर्गात एकच हुकूम असायचा, हात खाली. बाई वर्गात पाऊल टाकायच्या, दोन्ही तळवे हवेतून खाली दाबायच्या आणि तीस हात टेबलाखाली जायचे. मुलं गप्प व्हायची. आता हे लिहिताना कळतं की आधीही वर्गात आवाज नव्हताच, गप्प व्हायचे ते हात.

मला तरी हे कळायला हवं होतं. पहिलीत असताना मी वर्गात पाण्याला 'नीरु' म्हटलं होतं. सगळा वर्ग हसला आणि आमच्या त्या वेळच्या बाई म्हणाल्या, पाणी म्हण, मग देते. मला शब्द येत होता, पण आला नाही. तहान तशीच घेऊन मी घरी गेले. हे विसरले नव्हते मी. तरीही...

महादेवी आठ वर्षांची होती, जळकोटकडची. तिचे हात कधी खाली राहायचेच नाहीत. एकदा तपासणीला साहेब येणार होते आणि बाई जाता जाता मला म्हणाल्या, "उमा, हिचे हात खाली राहिले पाहिजेत हं." एवढंच. त्या कचेरीत गेल्या आणि मी महादेवीच्या वेणीची लाल रिबन सोडली. तिचे हात मांडीवर ठेवले, मनगटं एकत्र बांधली, रिबनचं टोक बाकड्याच्या पायाला अडकवलं. गाठ घट्ट मारली, कारण मला तिचा राग आला होता. सकाळपासून तिच्यासमोर पट्टी धरून माझा हात दुखत होता आणि ती माझीच नक्कल करून पोरींना हसवत होती. बांधून मी दुसऱ्या मुलांकडं वळले. आमच्या मुलांना लघवीला जायचं असलं की ती करंगळी दाखवतात, सगळ्याच शाळांत दाखवतात. तिला दाखवता आली नाही. तिनं आवाज काढला, पण तसे आवाज तिथं सारखेच निघायचे. मी वळून बघितलं तेव्हा बाकड्याखाली ओल होती. मी आधी रिबन सोडली, कमरेला खोचली, आणि मग तिच्यावर ओरडले. बाई आल्या तेव्हा त्यांना फक्त ओला परकर दिसला. त्यांनी स्वतः तिला धुऊन काढलं. रिबनबद्दल मी कुणालाच काही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

बाई निवृत्त झाल्या, सत्कार झाला, भाषणात मीही 'मुक्यांना वाचा देणाऱ्या' वगैरे म्हणाले. मग मेघनाच्या बाळंतपणासाठी त्या हवाई बेटांवर गेल्या. जावयाची नोकरी तेव्हा तिथली. सहा महिने राहिल्या. तिथून फोनवर त्या फक्त समुद्राबद्दल बोलायच्या. सकाळी तो कसा असतो, दुपारी त्याचा रंग कसा फिरतो, बाळ रडायला लागलं की त्याला घेऊन त्या वाळूवर कशा जातात. मला वाटायचं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावातली बाई, पाणी बघून वेडावली. शेजारी एक म्हातारी राहायची, तिथल्याच मूळच्या लोकांतली, आयुष्यभर दवाखान्यात रुग्णांना धीर द्यायचं काम केलेली. तिकडं वडीलधाऱ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात म्हणे. आमच्या बाई तिला मावशी म्हणायला लागल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघींचं छान जमलं होतं.

त्या परत आल्या ते पावसाळा संपता संपता. आल्या आल्या मला म्हणाल्या, पाणीमहालात जाऊ. धरण भरून वाहत होतं. आत त्या दगडी खोलीत आम्ही दोघी पाण्यामागं बसलो. बाहेरचं ऊन हिरवट होऊन आत येत होतं, भिंतींवर हलत होतं, आणि बाईंचा चेहरा पाण्यात बुडाल्यासारखा दिसत होता. त्या बोलायला लागल्या. बराच वेळ बोलल्या. पाण्याच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही, पण मोठ्या माणसाला तसं कसं सांगायचं, म्हणून मी मान हलवत राहिले. मग त्या उठून माझ्या कानाशी आल्या आणि ओरडल्या, "काय समजलं तुला?" मी म्हणाले, "काहीच नाही." "मग मान का हलवत होतीस?" मी पदरानं चेहऱ्यावरचे तुषार पुसले. "आपली पोरं तीस वर्षं अशीच मान हलवत होती, उमा," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. बाईंना रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मला भीतीच वाटली.

बाहेर बुरुजावर येऊन बसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. त्या मावशीच्या आईला लहानपणी शाळेत घरची भाषा बोलल्याबद्दल मार बसायचा. तिकडं एके काळी शाळेत ती भाषा बोलायची बंदीच होती. मारणाऱ्या मास्तरीणबाई दुष्ट नव्हत्या, मुलांचं भलं करायलाच आल्या होत्या. मार खाल्लेल्या आईनं मग आपल्या मुलीला ती भाषा शिकवलीच नाही. मावशी ती म्हातारपणी शिकली, शिकवणीला जाऊन, स्वतःच्याच आईची भाषा. "हे ती सांगत होती आणि मी माझ्या हातांकडं बघत होते," बाई म्हणाल्या. "माझे तळवे आपोआप खाली दाबले गेले होते बघ."

त्यांनी तिथला एक शब्द आणला होता, कुलिआना. त्याचा अर्थ हक्क, आणि त्याच शब्दाचा अर्थ जबाबदारी. मी म्हटलं, दोन्ही एकच कसं असेल? "का? आपल्याकडं मान नसतो का?" त्या तुळजापूरच्या, त्यांना हे दर दसऱ्याला दिसत आलेलं. "दसऱ्याला पालखी येते. खांदा कुणाचा ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तो त्यांचा मान. पण मान आहे म्हणजे अनवाणी चालायचं, अंगात ताप असला तरी जायचं. चुकला तर चारचौघांत सांगायचं, आमच्याकडून चुकला. मला ऐकू येतं, मला शिकायला मिळालं, माझ्या एका खुणेसरशी तीस हात खाली जात होते... हा सगळा मानच होता गं. मी तो नुसता मिरवला." दुसरा एक लांबलचक शब्द होता, होओपोनोपोनो. तो म्हणताना त्या दोनदा अडखळल्या. घरात काही बिघडलं की सगळ्यांनी एकत्र बसायचं, वडीलधाऱ्यानं प्रार्थना करून सुरुवात करायची. ज्याचं चुकलं त्यानं काय चुकलं ते नीट, नाव घेऊन सांगायचं. ज्याला लागलंय त्याचं शेवटपर्यंत ऐकायचं, मधे बोलायचं नाही. गुंता पदरापदरानं सोडवायचा आणि शेवटी एकत्र जेवायचं. मोबाईलवर चार गोड वाक्यं पुटपुटून मोकळे होणारे लोक त्याच नावानं ते करतात, त्याचा मावशीला भयंकर राग यायचा म्हणे. आणि नम्रतेला तिकडं हाआहाआ म्हणतात, असं बाईंनी गंभीरपणे सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. "हाआहाआ? आपल्या संचालक मंडळाला शिकवा की!" त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "आधी मला शिकू दे."

आणि खरंच शिकल्या. साठी उलटल्यावर सोलापूरला जाऊन, मोठ्या बहिऱ्या माणसांच्या मेळाव्यात मागच्या बाकावर बसून त्या खुणांची भाषा शिकायला लागल्या. अंगठे सांधेदुखीनं वाकलेले, आणि खूण करताना तोंडानं तोच शब्द मोठ्यानं म्हणायची खोड. तिथले लोक पोट धरून हसायचे. मग रविवारी एसटीनं जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जायला लागल्या. जाताना हातात काही न्यायचं नाही, असा त्यांचा नियम. मी म्हणायचे, लेकरांना खाऊ तरी न्या. "खाऊ घेतला की ती माफ करून मोकळी होतील. मला तसलं नको." ईट गावचा सोपान तर त्यांच्या खुणा बघून म्हणाला, तुम्ही काय म्हणताय ते कळत नाही, पण जेवून जा. पुढं त्यांनी निवृत्तीनंतर शाळेनं त्यांना दिलेली सल्लागाराची खुर्ची भांडून त्या सोपानला मिळवून दिली. ऐकू न येणारा माणूस आमच्या बैठकीत पहिल्यांदा बसला तो तेव्हा. पहिल्याच बैठकीत त्यानं विचारलं की मी आल्यावर तुम्ही सगळे हळू का बोलता, मला दोन्ही सारखंच आहे.

महादेवीकडं मात्र घोटाळा झाला. जळकोटला हमरस्त्यालगत तिचं दुकान आहे, ब्लाउज, फॉल-पिको. घरात सासू गंगव्वा, तिच्याशी ती स्वतःच्या बनवलेल्या खुणांनी बोलते. बाई दारात उभ्या राहिल्या, ती ओळखून उठली, आणि बाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. शिकलेल्या सगळ्या खुणा त्या विसरल्या आणि आपण करतो तेच त्यांनी केलं, दोन्ही कान धरले. आता आमच्या शाळेत कान धरायची खूण एकाच कामाची होती. कानाचं मशीन काढून ठेवलेल्या पोराला आम्ही लांबून कान धरून दाखवायचो, मशीन लाव, ऐक! महादेवीनं पंचवीस वर्षांनी बाईंना बघितलं आणि बाई दारात उभं राहून पुन्हा तोच हुकूम करत होत्या. तिनं दार लावून घेतलं. गंगव्वा खिडकीतून म्हणाली, "आवं बाई, ती न्हाय भेटायची आता. लई कडक हाय. तुमी काय म्हनलात तिला?" "माफी मागितली हो," बाई म्हणाल्या. "मग कान का धरलासा? तिला कानाचा लई राग हाय."

बाई पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही. दाराबाहेर ओट्यावर बसून यायच्या. कितीतरी रविवार तसे गेले, मग एकदा महादेवीनं दार उघडं ठेवलं. त्यानंतर कधीतरी ती बाईंशी बोलली आणि दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवून तिनं काहीतरी दाखवलं. बाई तिथून थेट माझ्याकडं आल्या. मी ज्वारी निवडत होते. त्यांनी विचारलं, "उमा, आपल्याकडं कुणी पोरांचे हात बांधले होते का गं?" मी सुपातून मान वर केली नाही. म्हणाले, "मला नाही आठवत." त्यांनी सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. "बरं," म्हणाल्या. "हुकूम तर माझाच होता."

त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या स्कूटीवर बसून त्या जळकोटला आल्या, पण मी आत गेले नाही. रस्त्याच्या अलीकडच्या हॉटेलात चहा घेऊन बसले. हैदराबादकडं जाणारे ट्रक मधून जात होते आणि ट्रक गेला की पलीकडचं दुकान दिसायचं. ऊन पांढरं पडलं होतं, डांबरावर पाणी असल्यासारखं हलत होतं. एक ट्रक गेला, महादेवी आणि बाई समोरासमोर उभ्या होत्या, हात चालले होते. दुसरा गेला, बाई स्टुलावर बसल्या होत्या. तिसरा गेला तेव्हा महादेवी खाली वाकून बाईंची मनगटं कापडाच्या पट्टीनं बांधत होती. माझा चहा तसाच राहिला. बाई बांधलेल्या हातांनी बसल्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते आणि महादेवी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मग ती मशीनकडं वळली आणि शिवायला लागली. किती वेळ गेला कोण जाणे. मी उठायला हवं होतं. रस्ता ओलांडायला हवा होता, पंधरा पावलांचा तर रस्ता... मी ट्रक मोजत बसले. खोटं का सांगू, मला बाईंची दया येत नव्हती. मला बरं वाटत होतं, की माझ्याऐवजी त्या बसल्यात.

परत येताना स्कूटीवर त्या माझ्या पाठीशी बोलत होत्या. "तिनं सांगितलं, बोल. मी समुद्र सांगितला. तिला काही कळलं नाही. नाकावर घाम आला होता, पुसता येईना. तिनं बघितलं, पण पुसला नाही. बरोबर केलं तिनं." माझ्या दारात उतरल्यावर म्हणाल्या, "माझा मान मी केला, उमा. तुझा मला करता येत नाही." मला राग आला. मी म्हणाले, मी काय, हुकमाची ताबेदार, नोकरी टिकवायची होती, घरची परिस्थिती तुम्हाला माहीत होती, आणि तेव्हा सगळेच तसं करायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एक शब्द बोलल्या नाहीत. मग "चहा करतेस का?" म्हणाल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मात्र दर रविवारी निघताना फोन करायच्या, "जळकोटला निघालेय. येतेस?" मला कधी गुडघे दुखायचे, कधी पाहुणे यायचे. सहा वर्षं मला रविवारीच काहीतरी व्हायचं.

त्या गेल्यावर पहिला रविवार आला. त्या वेळेला मी फोनकडं बघत बसले होते. तो वाजणार नव्हता. पुढच्या रविवारी पण तसंच. तिसऱ्या रविवारी उठले, स्कूटी काढली.

गंगव्वा ओट्यावर शेंगा फोडत होती. "या की बाई. मोठ्या बाई न्हाय आल्या? दोन-तीन आयतवार झालं, वाट बघून ऱ्हायली ही." म्हणजे इथं कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणाले, "त्या गेल्या, गंगव्वा." "कुठं?" तिनं विचारलं आणि माझं तोंड बघून तिच्या हातातली शेंग खाली पडली. "आरं द्येवा... तुमीच सांगा मग तिला. म्या न्हाय सांगनार. म्या कशी सांगू?"

महादेवी मशीनवर होती. मी दारात उभी राहिले, तिचं लक्ष गेलं, मशीन थांबली. मी कान धरले नाहीत, तेवढं लक्षात होतं. पस्तीस वर्षं या मुलांत काढून मला अजून बाईंपेक्षाही कमी खुणा येतात. मी बाईंची खूण केली, चष्मा नाकावर खाली ओढल्याची, आणि 'नाहीत' म्हणून दोन्ही तळवे उलटे केले. ती बघत राहिली. पुन्हा करायला लावलं. पुन्हा केलं. मग तिनं मशीनवरचं कापड काढून घडी घातलं, घडी मोडली, पुन्हा घातली. बाहेरून ट्रक गेला, खिडकीच्या काचा हलल्या, ते तिला कळलं असणार, कारण तिनं हात काचेवर ठेवला. दुपारचं ऊन दुकानात टांगलेल्या ब्लाउजांमधून लाल-हिरवं होऊन जमिनीवर पडलं होतं आणि मला वाटत होतं की मी पुन्हा पाण्यामागं आहे, आणि या वेळी मान हलवून चालणार नाही.

मी मनगटं एकत्र केली. गाठ मारल्याचं दाखवलं. छातीवर बोट ठेवलं. बाई नाही, मी. मग करंगळी दाखवली, आणि मी तुला आधी सोडलं आणि मग ओरडले हे सांगायला माझ्याकडं खुणा नव्हत्या. मी तोंडानं बोलत राहिले, रडत राहिले, तिला त्यातलं किती दिसलं ते माहीत नाही. तिनं हात वर करून मला थांबवलं. स्वतःचे दोन्ही हात माझ्यासमोर धरले, पालथे, मग उताणे. म्हणजे, हात माझे होते, कुणी बांधले ते मला ठाऊक आहे. मी विचारलं, बाईंना ठाऊक होतं? तिनं मान हलवली. कधीपासून? तिनं पुन्हा मनगटं जोडली आणि स्टुलाकडं बोट केलं. त्या दिवशी. बांधायच्या आधी. तिनं बाईंना सांगितलं होतं की बांधणारी तू नव्हतीस, उमा होती. आणि बाई म्हणाल्या होत्या, असू दे, तू बांध.

मी जमिनीवरच बसले, चिंध्यांमध्ये. मला वाटायचं त्यांना नुसता संशय आहे; सहा वर्षं त्यांना ठाऊक होतं, आणि सहा वर्षं त्या फोन करून नुसतं "येतेस?" विचारत होत्या.

महादेवी माझ्यासमोर येऊन बसली. तिनं नसलेला चष्मा नाकावर खाली ओढला, एक भुवई वर केली आणि दोन्ही अंगठे वाकवले. आणि बाई बोलायला लागल्या. त्याच मोडक्या खुणा, तेच तोंडानं सोबत शब्द म्हणणं, आवाज नसलेलं. उमा. रविवार. येईल. थांब. त्यात 'रविवार'ची खूण बाई कायम चुकवायच्या म्हणे, ती 'साबण' व्हायची. उमा, साबण, येईल, थांब. महादेवीनं ते मला समजावून सांगितलं, हात चोळून, फेस काढून. मी हसले. तीही हसली. हसता हसता तिचा चेहरा मोडला आणि तिनं पदर तोंडाला लावला. बाई त्या दुकानात होत्या, मी खात्रीनं सांगते. महादेवीच्या हातांत, त्यांच्या चुकांसकट.

मी खुणेनं विचारलं, माफ? तिनं मशीनवरच्या ढिगाकडं बोट केलं. आज काम आहे, असं असेल, किंवा आज नाही असं असेल. मग तिनं हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं बघत बसली. तिला पूर्ण ऐकायचं होतं, सुरुवातीपासून, आणि तोंडानं नाही.

मी हात वर उचलले. पहिलीच खूण चुकली. ती पुढं सरकली, माझी दोन्ही मनगटं धरली, बोटं एकेक करून नीट केली आणि माझे हात सोडून दिले.